ओट्यालगतचा खुंटा

बाळांनो, तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या रस्त्याच्या कडेला एक निळा चौकोन रंगवलेला दिसला. शेजारच्या अपंग बाईंच्या गाडीसाठी ती जागा राखलेली आहे, तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावायची नाही, असं तुम्ही सांगितलंत. मग विचारलंत, "आजी, तुमच्याकडे असं काही असतं का?" आणि फोन कट झाला. उत्तर राहून गेलं. आता आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हायचा आहे. खोदायला माणसं येण्याआधी लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आपलं मालेगाव अकोला जिल्ह्यात होतं. तुमचे आजोबा इथल्या शाळेत शिक्षक होते. वाशीमच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला. घरात ते कुबड्यांवर फिरत. बाहेर जायला हाताने फिरवायची तीनचाकी होती. तिची बैठक आणि आपला ओटा जवळजवळ एका उंचीवर येत. गाडी ओट्याला अगदी चिकटून उभी केली, की ते दोन्ही तळहात टेकून एकीकडून दुसरीकडे सरकत. कुणाचा हात लागत नसे. हाताएवढं अंतर पडलं, तरी मात्र दोघांनी बगलेत धरून उचलावं लागे.

आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची. ते लवकर निघत तेव्हा गल्ली मोकळी असे. दुपारी परत येत तेव्हा ओट्याला किन्हीराजा गावच्या एका शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, लागलेली असे. बैल सोडून त्याने ओट्यालगत ठोकलेल्या खुंट्याला बांधलेले, मालक बाजारात. ते बैल परक्याला जवळ येऊ देत नसत. शेजारचे म्हणत, "मास्तर, उचलून ठेवतो ना!" हे म्हणत, "नको. बसलोय बरा." आणि गल्लीच्या मधोमध, उन्हात, स्वतःच्या घरासमोर बसून राहत. संध्याकाळी बंडी जुंपली जाईपर्यंत. मी ओट्यावर, ते पलीकडे, मध्ये बैलांच्या पाठी. मी चहा एखाद्या पोरीच्या हाती पाठवायची. कधी बैलांच्या पाठींवरून काहीतरी विचारायची, ते मान हलवायचे.

एका संध्याकाळी आत आल्यावर ते म्हणाले, "राजीनामा देतो. घरात बसलेल्या माणसाला निदान कुणी उचलायला येत नाही." ते खरंच देतील हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

पुढच्या बाजाराला तो शेतकरी आलाच नाही. बंड्या येत होत्या, जागा बघून थांबत होत्या आणि खुंटा दिसला की पुढे जात होत्या. इथे ही रीतच होती. ज्याचा खुंटा, त्याची जागा. दुसऱ्याचा खुंटा कुणी उपटत नसे, आणि मालक आला नाही म्हणून तिथे आपले बैल बांधत नसे. दिवसभर जागा रिकामी राहिली. दुपारी तुमचे आजोबा आले, सरकले आणि आत येऊन गरम भाकरी जेवले.

त्यानंतरच्या बाजाराला मी त्या शेतकऱ्याला बैल सोडण्याआधीच गाठलं.

"दादा, खुंटा इथेच राहू द्या. बंडी मात्र पुढे न्या."

तो हसला. "वा बाई! खुटा माहा अन् जागा तुमची?"

"मास्तरांना उतरायला जागा राहत नाही."

"उचलून ठेवतो ना मी त्याईले. एका हातानं. वजन काय हाय त्याईच्यात!"

"त्यांना उचललेलं नको आहे."

तो बैलाची मान खाजवत उभा राहिला. "माहा बाप बी इथंच बंडी सोडे. मी तिकडं गेलो तं लोक म्हनतीन, मास्तरनीनं हाकललं याले."

"म्हणू द्या."

"तुमाले सोपं हाय म्हनाले." तो गल्लीत वरखाली बघत राहिला. मग म्हणाला, "बैलाईले पानी?"

"इथलंच."

"अन् मले चहा. साखर टाकून. मांगच्या खेपेले दिला तो निस्ता काढा होता."

त्याने दगड उचलून खुंटा आणखी खोल ठोकला, आपल्या हाताने, आणि बैल घेऊन पुढे गेला.

दुपारी तुमचे आजोबा आले. "बंडी कुठे गेली?" त्यांनी विचारलं. "पुढे," मी म्हटलं. त्यांनी गाडी ओट्याला लावली, घरंगळू नये म्हणून दोरीने खुंट्याला बांधली, बैल बांधतात तशी, आणि तळहात टेकून वर सरकले. राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग ते दुपारचेही बाहेर जाऊ लागले. वाचनालयात, चहाच्या टपरीवर, ओळखीच्यांकडे. मला तेच हवं होतं. पण बाजाराच्या दुपारी ते निदान माझ्या डोळ्यांसमोर असत. आता ओट्यासमोर रिकामी जागा असे आणि तिच्याशी बोलायला मी एकटी. माझं बी.ए.चं इंग्रजी गल्लीत कुणाच्या कामाचं नव्हतं, आणि गल्लीतल्यांची वऱ्हाडी माझ्यासारख्या बाहेरून आलेलीच्या तोंडी कधी बसली नाही. दर बाजाराला तो शेतकरी बैलांना पाणी पाजायला येई आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरे. मी त्याची वाट बघत असे. पुढे त्याने बैल विकले. तो यायचा थांबला.

तुमचे आजोबा शेवटपर्यंत, निवृत्तीपर्यंत, आपापले शाळेत गेले. ते गेल्यावर तीनचाकी कुणा गरजूला दिली. तुमचे बाबा शहरात गेले, मग तुम्ही त्याहून लांब. आता गुडघ्यांमुळे मलाच ओटा उतरवत नाही. समोर मोटारसायकली लागतात. कुणाच्या असतात, मला ठाऊक नाही.

आज दुपारी ओट्यावर बसूनच काठीने खुंटा हलवून पाहिला. वरचं टोक झिजलं आहे, दोरीची खाच दिसते. तो हलत नाही.