नवीन, जुना, जुनी

आमच्या शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांइतका संतापी माणूस कर्जत आणि खालापूर ह्या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर मास्तरांना घाबरून त्याने गाव सोडलं असणार. मास्तर सकाळी उठायचेच मुळी रागावून. दूध पातळ म्हणून राग, खडू ठिसूळ म्हणून राग, पळसदरीचा डोंगर धुक्यात नीट दिसत नाही म्हणून त्या डोंगरावरही राग. माथेरानच्या एका हॉटेलच्या पाटीवर रंगवलेल्या घोड्याचा मागचा पाय उलटा दुमडलेला दिसला, तर ह्या गृहस्थांनी स्टूल मिळवलं, टर्पेंटाइनने तो पाय पुसून टाकला आणि मालक धावत आला तेव्हा घोडा तीन पायांवर उभा होता. "अहो, दारात जिवंत घोडे बांधलेत, एकदा बघायचे तरी!" असं वरूनच ओरडून मास्तर चौथा पाय नीट रंगवूनच खाली उतरले. मालकाने शेवटी चहा पाजला. तोही पातळ निघाला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कशेळ्याच्या रस्त्याला खोपटं बांधून चार-पाच जणी राहायला आल्या होत्या. जन्माने मुलगे, मनाने आणि लुगड्याने बाया. गाव त्यांना ज्या शब्दाने हाका मारायचं तो मी इथे लिहिणार नाही, अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांतली सगळ्यांत धाकटी शेवंता. सोलापूरकडची, घरच्यांनी हाकलून दिलेली. एकदा ती एसटी स्टँडच्या भिंतीवर कोळशाने एक बाई काढत बसली होती आणि भोवती टवाळ शिट्ट्या मारत होते. मास्तर गाडीतून उतरले ते आधी शेवंतावरच घसरले. "मान एवढी लांब असते का गं बाईची? जिराफ आहे का ती?" मग ते टवाळांकडे वळले. त्यांना जे बोलले ते छापता येणार नाही, पण ऐकण्याच्या नादात दोघांची खोपोलीची गाडी चुकली. जाताना शेवंताला म्हणाले, "रविवारी घरी ये. मान शिकवतो."

रविवारी एकीच्या जागी पाच आल्या. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, तर मास्तर म्हणाले, "माझ्या पडवीत कुणाची रेघ वाकडी आहे तेवढं मी बघतो. तुमची सगळ्यांचीच आहे." पण पोरी मानेखाली काही काढीनातच. चेहरा, अंबाडा, कानातलं, संपलं चित्र. मास्तर भडकले. "बाकीचं शरीर काय एसटीत विसरलात?" मग त्यांनी खाकी कागद अंथरला, एकेकीला त्यावर झोपवून भोवती कोळसा फिरवायला लावला आणि सांगितलं, "आता रंग भरा. दुखतं तिथं लाल, भीती वाटते तिथं काळा." शेवंताने खूप वेळाने विचारलं, "मास्तर, झोप अंगात कुठं असती वो? माझी हरवल्याली हाय, ती कुठं काढू?" मास्तर उठून आत गेले आणि कुणी मागितलेलं नसताना पाणी घेऊन आले.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. कुठल्या ते सांगत नाही, तो अजून चालू आहे. केस पेपरवर शिक्का मारायचा: नवीन किंवा जुना. जुन्यांचे पेपर दोन गठ्ठ्यांत ठेवायचे, बाप्यांचा एक आणि बायांचा एक. शेवंता यायची, दोन्ही रांगा सोडून खांबाला टेकून उभी राहायची. तिला कुठल्या गठ्ठ्यात घालावं हे ठरवायची माझी छाती नव्हती. आणि 'नवीन' हा शब्द फार सोयीचा. बाईही नवीन, बाप्याही नवीन. म्हणून ती आली की मी कोरा पेपर काढायचो आणि 'नवीन'चा शिक्का मारायचो. दर खेपेला. लोकांदेखत ती "पोटात दुखतंय" एवढंच म्हणायची आणि डॉक्टर पेपर कोरा बघून पोटाच्या त्याच तीन दिवसांच्या गोळ्या द्यायचे. दुखणं आत वाढत होतं, आणि मी शिक्के मारत होतो. शरम वाटायला हवी होती मला!

एके दिवशी मास्तर शेवंताला घेऊन, खाकी गुंडाळी काखेत मारून, दोन्ही रांगा ओलांडून आत घुसले आणि त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर तिचं चित्र पसरलं. गळा काळाकुट्ट होता. लाल रंग मात्र पोटावर नव्हताच, पार खाली होता. मी सवयीने 'नवीन'चा शिक्का मारून तिचा पेपर शेजारी ठेवला. डॉक्टरांनी पडदा ओढला. तपासून बाहेर आले ते चिडूनच. "किती महिन्यांचं आहे हे! आधी कुणाला का नाही दाखवलंस?"

"तुमास्नीच की दावलं, सायेब."

"पेपरवर तर नवीन लिहिलंय."

मास्तर माझ्याकडे वळले. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. पण ते हळूच म्हणाले, "कंपाउंडर, अजून किती दिवस नवीन ठेवणार हिला?" त्यापेक्षा त्यांनी छत्री घातली असती पाठीत तर बरं झालं असतं. मी शिक्का खोडला आणि हाताने लिहिलं, 'जुनी'. पेपर बायांच्या गठ्ठ्यात ठेवला. शेवंताला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "काय लिवलं?"

"जुनी," मास्तर म्हणाले.

"आत्ताच? अजून पंचविशी न्हाई गाठली मी!"

पुरती औषधं मिळाली आणि ती बरी झाली. झोप मात्र अर्धीच परत आली, असं सांगायची.

मास्तर गेले त्या दिवशी बाया घरात होत्या, बापे अंगणात, आणि शेवंता फाटकाबाहेर, खांबाला टेकून. मास्तरांचे कुणी पाहुणे कुजबुजले, "ही कोण नवीन?"

"नवीन?" मी ओरडलो. "डोळे फुटले काय तुमचे? जुनी आहे ती! चल गं शेवंते, आत बायांत जाऊन बस."

मयताच्या घरी इतक्या मोठ्याने कुणी ओरडत नाही. पण मास्तरांच्या घरी तेवढं चालायचं.