रिकाम्या ठेवलेल्या ओळी

निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवले. वर्गात कोणी भुताचा विषय काढला, की आधी दिवा लावून पाहा आणि मग बोला, असे सांगणारा मी. गूढ अनुभवांच्या या सदरासाठी कधी लिहीन असे वाटले नव्हते... तरी जे घडले ते शक्य तितके नेमके मांडतो.

आम्ही मुलुंडला राहतो. माझी मुलगी ऋजुता एका बँडमध्ये गाते. त्या प्रकाराला स्क्रीमो म्हणतात. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो — त्यांच्या गाण्यांत एकजण पोटातून किंचाळतो आणि दुसरा मधल्या ओळी सुरेल गातो. किंचाळणारी ऋजुता, सुरेल गाणारा तिचा मित्र सिद्धेश. दोघेही एकाच माइकसमोर उभे राहत. त्यांचा पहिला अल्बम साकीनाक्याच्या एका गाळ्यात रेकॉर्ड होत होता. तोही केवळ रविवारी, कारण शेजारच्या गाळ्यातले प्रेस मशीन त्या दिवशी बंद असते.

शेवटचे गाणे उरले असताना सिद्धेशला मेंदूज्वर झाला. तो व्हेंटिलेटरवर होता आणि इकडे गाळा लवकरच सोडायचा होता. रेकॉर्डिंग सांभाळणारा गिटारवादक कुणाल म्हणाला, की सिद्धेशच्या ओळी दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेऊ. ऋजुता ऐकेना.

"तो उठला आणि त्याची जागा गेलेली दिसली, तर काय सांगू रे त्याला?"

"आणि नाही उठला तर?" कुणाल बोलून गेला, आणि मग बराच वेळ गिटारच्या ताराच पुसत बसला.

अखेर असे ठरले, की त्या रविवारी ऋजुताने फक्त आपला भाग गावा, सिद्धेशच्या ओळी रिकाम्या ठेवाव्यात. त्या ओळी पुढच्या रविवारी नवा गायक भरणार होता.

मी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन सोबत गेलो होतो. ऋजुताचा घसा सुजला होता, म्हणून सर्वांनी गाणे अर्ध्या सुराने खाली उतरवून नव्याने वाजवले. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. ती सवयीने माइकच्या डाव्या बाजूलाच उभी राहिली, सिद्धेशची उजवी बाजू मोकळी सोडून. एका जागी तर तिने किंचाळी श्वास पार संपेपर्यंत लांबवली. सरावात ती किंचाळी इतकी लांब कधीच नव्हती.

कुणालने रेकॉर्डिंग लावले... आणि रिकाम्या ओळींत सिद्धेश गात होता.

मी प्रथम साध्या कारणांचा विचार केला. सरावाचे जुने रेकॉर्डिंग मिसळले असेल? जुने गाणे वरच्या सुरात होते. हा आवाज नव्या सुराला धरून होता. हेडफोनमधून झिरपला असेल? त्यात फक्त वाद्ये होती. कुणालची करामत म्हणावी, तर दुसरा गायक आणायचा आग्रह त्याचाच. आणि आवाज ऐकताच तोच माऊस सोडून केबल तपासत सुटला; माऊस शेवटी ऋजुताने हातात घेतला. माइक एकच, ट्रॅक एकच, आणि त्यावर आवाज मात्र दोन.

सिद्धेशच्या आईला फोनवर ते ऐकवले. त्या दुपारी त्या त्याच्या उशाशीच होत्या. त्याच्या घशात नळी होती. "ह्यो माझ्या झिलाचोच आवाज," लेकाचा आवाज ओळखून त्या एवढेच म्हणाल्या, आणि पुन्हा ऐकवायला सांगितले.

नव्या गायकाला कुणालनेच नकार कळवला.

सिद्धेश बरा झाला. आवाज मात्र घोगरा राहिला. गाता येत नाही. घरी आल्यावर त्याला आम्ही गाणे ऐकवले. ऋजुताच्या घशाबद्दल किंवा त्या लांबलेल्या किंचाळीबद्दल त्याला कोणी काही सांगितले नव्हते. कुणालने विचारले, नको असेल तर काढून टाकू का?

"काढतोस कशाला? मीच आहे ना यार," तो म्हणाला. मग कपाळाला आठी घालून म्हणाला, "एका जागी ओळ उशिरा उचललीय."

मी विचारले, "तू हे गायलास कधी?"

"माहीत नाही, काका. पण उशीर मुद्दाम केलाय. तिचा श्वास संपत आला होता... ती थांबेपर्यंत मी थांबलोय."

अल्बमवर गायक म्हणून दोघांचीही नावे आहेत. त्या आवाजाचे कारण मला आजही सापडलेले नाही. आणि खरे सांगायचे, तर त्या उत्तरानंतर मी सिद्धेशला पुन्हा काही विचारलेले नाही.