वॉटरशेडला जागा

चहा घ्या, पण हसू नका. आधीच सांगून ठेवतो! कारण त्या शब्दाचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं अजून सणकतं.

दुष्काळाचं साल. धारूरच्या डोंगराखालचं आमचं गाव. टँकर आला की भांडण, न्हाई आला तरी भांडण. मी सोसायटीचा संचालक, आन् गावात इंग्रजी कळणारा मी एकटाच, असा माझाच समज. एक दिवस मीटिंगला तालुक्याचा साहेब आला. उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमच्या गावाला वॉटरशेड मंजूर झालंय. सोमवारी मोठे साहेब जागा बघायला येतील."

आन् जीप धुरळा उडवत पसार! अरे बाबा, मंजूर काय झालंय ते तरी सांग की!

चेअरमननं माझ्याकडं बघितलं. "दत्ता, म्हंजी काय रं?"

आता इथं गप बसायला मला काय झालं होतं? पण न्हाई! "सोपं हाय की. वॉटर म्हंजी पाणी. शेड म्हंजी शेड, पत्र्याचं! उन्हानं पाणी उडून जातं, म्हणून सरकार टाक्यांवर शेड टाकायलंय."

"मायला, लई डोकं लावलं सरकारनं!" चेअरमन खूश.

झालं! वरची आळी म्हणाली शेड आमच्याकडं, खालची म्हणाली आमच्याकडं. गचांडी धरायची पाळी आली. शेवटी मीच ओरडलो, "सोसायटीच्या गोदामामागं टाकू!"

पण गोदामामागं बिभीषणनानांचा मेंढरांचा वाडा. काट्यांचं कुंपण, वर बाभळीची सावली. नाना भडकले. "माझी मेंढरं कुठं नेऊ? तुझ्या डोक्यावर बांधू?"

"नाना, अख्ख्या गावाच्या पाण्यापुढं तुमची मेंढरं मोठी हायती का?" माझाबी आवाज चढला.

नानांनी स्वतःच्या हातानं कुंपण उपसलं आन् मेंढरं उघड्या माळावर नेली. लांडग्याच्या धास्तीनं म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा न्हाई. काटे बायांनी चुलीत घातले. आन् मी? मी जागा झाडून, चुन्यानं आखून, नारळ घेऊन तयार!

सोमवारी मोठे साहेब उतरले. "डोंगर कुठंय?"

"डोंगर कशाला, साहेब? जागा इथं हाय. पत्रे कवा यायलेत?"

"कसले पत्रे?"

"शेडचे!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे ते शेड नाही! जुन्या इंग्रजीत शेड म्हणजे वेगळं करणं. आपण केसांचा भांग पाडतो ना? तसा डोंगराचा माथा पाण्याचा भांग पाडतो. थोडं पाणी अलीकडं, थोडं पलीकडं. पुढं त्या सगळ्या उतारालाच वॉटरशेड म्हणायला लागले. आपण पाणलोट म्हणतो. उतारावर चर खणायचेत. श्रमदानाला माणसं किती देता?"

पाणलोट! अरे, मग त्या पहिल्या साहेबाला पाणलोट म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का?

पण त्याच्यावर चिडायला सवड कुठं होती? सगळं गाव माझ्याकडं वळलं. चेअरमननं दात खाल्ले. "दत्त्या, तुला कुणी इचारलं होतं बे?"

"तुमीच की!"

"मंग न्हाई कळत म्हणून सांगायचं!"

नाना तेवढे पाठ फिरवून माळाकडं चालले. मला वाटलं, सुटलो. कसचं काय! त्यांनी मेंढरांना हाळी दिली आन् सगळा कळप घेऊन थेट माझ्या घराकडं निघाले. मी मागं पळत सुटलो. पोचतो तर काय, मोटारसायकलीसाठी हौसेनं बांधलेलं माझं नवं शेड मेंढरांनी गच्च भरलेलं! आन् बायको त्यांना पाला टाकायलेली.

"नाना, हे काय?"

"का रं? पत्रे हायती की." नानांनी दारातच बैठक मारली. तेवढ्यात मेंढरं एकामागून एक मुतायला लागली. ओघळ निघाला, तो सरळ माझ्या नव्या मोटारसायकलीखाली.

नानांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. "घे. पानीबी आलं. झालं तुझं वॉटरशेड!"