मुकीचं गाणं आणि माझा ड्रायर

माझ्या नाकावर राग असतो, हे मी नाकारत नाही. तीस वर्षं लाँड्री चालवतेय. लोकांचे डाग काढता काढता कुणाचा स्वभाव गोड राहिलाय ते मला दाखवाच. माझा दादा आपली अकरा वर्षांची पोर घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी त्याच्यावरच ओरडले. वहिनी जाऊन वर्ष झालं होतं आणि याला जहाजावर नोकरी लागली होती. "पंधराच दिवस ठेव गं," म्हणाला. ते पंधरा दिवस नऊ वर्षं चालले.

पोर काही बोलायचीच नाही. भूक लागली का, तर मान हलणार. झोप येते का, तर मान हलणार. गिऱ्हाइकांनी तिचं नाव पाडलं मुकी. मीही तेच म्हणायला लागले, आणि आता त्याची लाज वाटते. शाळेतून आली की ती मागच्या खोलीत जायची आणि ड्रायर व भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत दप्तर घेऊन बसायची. तिथे ऊब असायची. तो ड्रायर तिच्यापेक्षा वयाने मोठा. सुरू झाला की घूं करून एकच आवाज लावायचा, तो टॉवेल वाळेपर्यंत. मला वाटायचं, असल्या घरघरीत हिला अभ्यास कसा सुचतो?

ती चौदाची असताना कळलं. टॉवेल काढायला मी ड्रायर अचानक बंद केला, तर मागे कुणीतरी गात होतं. अर्ध्या शब्दावर आवाज तुटला. वाकून बघते तर मुकी! चेहरा असा पांढराफटक, जणू मी चोरी पकडली. तीन वर्षं पोरगी त्या आवाजाखाली लपून गात होती, आणि मला पत्ता नाही.

"अगं, मग मोठ्याने गा की," मी म्हणाले. पण माझं साधं बोलणंही खेकसल्यासारखं निघतं. दोन दिवस ती त्या बोळकांडीकडे फिरकली नाही.

आमच्याकडे कपडे टाकणारे पियानोचे मास्तर होते. त्यांनी तिला आपली जुनी गिटार दिली, पोटाला चीर गेलेली. तिला पियानोवर गायला लावलं तर कुठलीच पट्टी जुळेना. मास्तर हैराण. मग एकदा दुकानात उभे असताना त्यांनी कान टवकारले आणि हसतच सुटले. "बाई, हिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे का पडतो ते कळलं. हिने सूर तुमच्या ड्रायरवरून उचललाय!" खरंच होतं ते. गिटारच्या ताराही ती त्या घूंवरच लावायची. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मास्तरांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, आणि तिथेच चुकलं.

गाणी ती स्वतःच रचायची, लाँड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर. आमच्याकडे एक कोट होता, चार वर्षं कुणी न्यायला न आलेला. त्याच्यावर तिने गाणं केलं:

इस्त्री करून टांगला आहे, न्यायला कुणी आलं नाही,
खिशामध्ये ऊब ठेवली, हात कुणी घातला नाही.

कोट कोण आणि न्यायला कोण आलं नाही, हे कळायला मला शिकवणी नको होती. दादा वर्षातून एकदा यायचा, तोही पाहुण्यासारखा. मी मोरीत जाऊन रडले आणि बाहेर येऊन तिला म्हणाले, "पावत्या फुकट येत नाहीत."

एकोणिसाव्या वर्षी ती बाहेर गायला लागली. एका हॉटेलात कोपऱ्यात स्टूल मिळालं. लोक जेवायचे, ही गायची, टाळ्यांपेक्षा चमचेच जास्त वाजायचे. वाचनालयात कार्यक्रम ठेवला तर सात माणसं आली, त्यातली दोघं पाय दुखले म्हणून टेकलेली. घरी येऊन ती काही सांगायची नाही आणि मी विचारायची नाही. दोघी एका घरात, पण दोन गावांना राहिल्यासारख्या.

मग त्या हॉटेलात एक स्टुडिओवाला जेवायला आला. त्याने तिला आवाज टिपायचं यंत्र दिलं. म्हणाला, तीन गाणी भरून दे, संध्याकाळी पाचला मी शहराकडे परत निघतोय, आवडली तर बोलावून घेईन. एकच दुपार. मी दुकानाला कुलूप लावलं, गल्लीतल्या पोरांना हाकललं, रद्दीवाल्याला कोपऱ्यावरूनच पिटाळलं. मुकी मागच्या खोलीत बसली. ड्रायर तिनेच सुरू ठेवला, मला वाटलं सवयीने. तिने दोन गाणी भरली. तिसरं कोटाचं. ते सुरू झालं आणि मला राहवेना. एवढी चांगली गातेय पोर, आणि हा मेला मधे घरघरतोय! कोण ऐकणार हिचं? मी पावलं न वाजवता गेले, बटण बंद केलं आणि काहीतरी पुटपुटले.

तिचा आवाज एकदम लटपटला. पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखा. तरी तिने गाणं शेवटपर्यंत नेलं, एकटीने. मग बाहेर आली. पाचला दहा कमी होते, परत भरायला वेळ नव्हता.

"आत्या, ड्रायर तू बंद केलास?"

तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि कळलं, मी काय करून बसले ते. सांगायला हवं होतं, अगं, तुझ्यासाठीच केला. पण या तोंडाला चांगलं बोलायची सवय नाही. बाहेर काय पडलं? "केला. डोकं उठलं होतं त्या आवाजाने."

तिने यंत्र उचललं आणि द्यायला निघाली. तिला वाटलं, आत्याला तेवढंही सोसलं नाही. महिन्याभरात बोलावणं आलं आणि ती गिटार घेऊन गेली. वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं नाही. नंतर फोन यायचे, मोजून चार वाक्यांचे. बरी आहे. जेवले. तू कशी आहेस? ठेवते.

तिच्यामागून वर्षाने ड्रायरनेही मान टाकली. नवा आणला, तो चालू आहे की बंद हे हात लावून बघावं लागतं. दुकान इतकं शांत झालं, की मी भिंतीशी भांडायला लागले.

ती गेल्यावर दीड वर्षाने मास्तर धोतऱ्याच्या बिया खाल्ल्यासारखे धावत आले. हातात फोन. "बाई, मुकीचं गाणं आलं. कोटाचं!" त्यांनी गाणं लावलं आणि माझ्या दुकानात माझा जुना ड्रायर सुरू झाला. घूं. त्यावर तिचा आवाज. तीच दुपार होती, तेच बिघडलेलं गाणं. मी गल्ला धरून उभी राहिले. आता बटण बंद होणार, हे मला माहीत होतं. खट. आणि त्या शांततेत, गाण्याच्या मधोमध, मीच बोलले:

"गा बाई आता निवांत. या घरघरीत माझ्या पोरीचं नरडं फाटायचं."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना मी दारापर्यंत सोडलं आणि फोन लावला.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं."

"मलाही आत्ताच कळलं गं. इथे मोठं यंत्र कानाला लावून ऐकलं तेव्हा. ते म्हणाले, मधलं बोलणं कापू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही." मग जरा थांबली. "आत्या, इथे माझा सूर कशावरच लागत नाही. आपला ड्रायर जरा लाव ना. फोन धर त्याच्याजवळ."

"मोडीत काढला गं."

पलीकडे काहीच नाही. नऊ वर्षं ऐकलेलं तिचं ते गप्प बसणं मी कुठेही ओळखेन. मी दुकानात इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग फोन तोंडाशी धरला, ओठ मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा सूर लावला. घूं.

"थोडं खाली, आत्या," ती म्हणाली.

मी थोडं खाली आणलं.