नापलाचा पांढरा दगड

फेस्टीची बायको नापला म्हणजे एकदा मनात घेतलं की घेतलंच! चाळीस वर्षं, दर रविवारी चर्चमधून निघाली की थेट वाळूतल्या उंचवट्यावर जायची आणि तिथल्या पांढऱ्या दगडापुढे गुडघे टेकायची.

तिचं पहिलं पोर तासाभरात गेलं. समुद्र खवळलेला, पाद्रीबाबांची होडी बेटावर आलीच नाही. बाप्तिस्म्याचं पाणी न लागलेल्या मुलाला चर्चच्या दफनभूमीत जागा नसते. असली मुलं जायची किलीनमध्ये, गावाबाहेर वाळूत त्यांना पुरायच्या जागी. जुन्या संतांच्या काळातलं चॅपल तिथे कधीचं वाळूखाली गाडलं गेलेलं. नेमकं कुठे, कुणालाच ठाऊक नाही. बापाने एकट्याने तिन्हीसांजेला पेटी काखेत मारून जायचं, पुरून यायचं आणि पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. आईने तर जायचंच नाही. कसली मेली रीत!

अंगात त्राण आलं तशी नापला फेस्टीला ओढतच वाळूवर घेऊन गेली. पांढऱ्या दगडाकडे बोट करून म्हणाली, "इथंच ना?"

फेस्टीने मान डोलावली.

तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. मेल्यावर त्या दगडाखालची मूठभर वाळू आपल्या पेटीत पडावी.

मग एका जानेवारीत वादळाने सगळी वाळू खरवडून नेली. चॅपलच्या भिंती उघड्या पडल्या, त्या दगडापासून पन्नास पावलं पलीकडे. अर्धं चॅपल समुद्रात गेलं, सोबत चिमुकल्या कबरीही. आणि नापलाच्या उंचवट्याखालून निघाली शेवाळ जाळायची जुनी भट्टी.

धक्क्यावर गावातला मुरचू ओरडला, "नापलाकाकू, चाळीस वर्षं भट्टीला साकडं घातलंत की हो! पावली का?"

सगळे खो खो हसले. जिभेला काही हाड?

नापला घरी आली. "फेस्टी, पोर कुठंय?"

"अंधार होता, पाऊस होता. खणलं कुठंतरी. मागं वळून पाहिलंच नाही."

"मग मान का डोलावलीस?"

"तूच बोट दाखवलंस. नाही म्हटलं असतं, तर जन्मभर रडत बसली असतीस."

नापला रडली नाही. तिने त्याला बटाटे आणि खारवलेला मासा वाढला.

दोन वर्षांनी फेस्टी गेला. पाद्रीबाबा आले, प्रार्थना झाली, चर्चच्या दफनभूमीत रीतसर पुरला. खूण मात्र नापलाने ठेवू दिली नाही. पुढच्या आठवड्यात तिने तो पांढरा दगड हातगाडीवर घालून आणला आणि दफनभूमीच्या पार टोकाला, ओहोळाकडेच्या मोकळ्या जागेत टाकला. तिथे कधीच कुणाला पुरलेलं नाही.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी बायबीन अमेरिकेहून आली. बापाची लाडकी. दगड दिसताच तिचा ऊर भरून आला.

"आई, इथंच ना बाबा?"

नापलाने मान डोलावली.

बायबीन ओल्या गवतात गुडघ्यांवर बसून पोटभर रडली. दगडाचा मुका घेतला. मग त्याच्याजवळची मूठभर माती तिने रुमालात घट्ट बांधली आणि अमेरिकेला घेऊन गेली.