खोगिरावर बसलेला दत्तू

दत्तू गेल्याची बातमी सखारामने आणली. सखाराम म्हणजे राहात्याजवळच्या बापूसाहेबांच्या तबेल्यातला म्हातारा मोतद्दार. दत्तूच्या हाताखाली घोड्यांचं दाणापाणी आणि खरारा बघणारा. नगरच्या गुरांच्या दवाखान्यात मी एका म्हशीच्या शिंगाला पट्टी बांधत होतो. सकाळच्या सर्व्हिस मोटारीतून उतरून तो तसाच चालत आला होता. दाराशी उभा राहून म्हणाला, “पंत गेले, कंपौंडरसायब.”

मी विचारलं, “कुठे गेला?” खरंच विचारलं. कारण दत्तू असा न सांगता जायचाच. कोणाच्या घोडीचा पाय सुजला म्हणून शेवगावला जायचा आणि चार दिवस तिकडेच राहायचा.

“साळुंकी घोडीला फिरवत हुते,” सखाराम म्हणाला. “दौड झाली, आन् छातीला हात लावून बांदावर बसले. म्या पळत गेलो, तर म्हनले, हिचा घाम जिरला न्हाई, आजून पाव घंटा फिरव. म्या दोन येढं घातलं आन् वळून बगितलं तर...”

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो हे लिहितानाही गेलेला नाही. घरात बायको आहे, लग्नाची मुलगी आहे, शाळेपासूनचा मित्र ऐंशी मैलांच्या आत आहे, आणि या माणसाचं शेवटचं बोलणं काय, तर घोडीचा घाम! त्यातून सखारामही असा की त्याने ते ऐकलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी दत्तूला बजावलं होतं की छाती कमकुवत झाली आहे, चालणं बंद. मी स्वतः बरोबर होतो. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून तो म्हणाला, “डॉक्टर चांगला आहे रे. पण त्याला चालण्यातलं काही कळत नाही.” घोड्याच्या जबड्याखाली बोटं ठेवून दिवसातून तीनदा नाडी मोजणारा हा गृहस्थ मला स्वतःच्या मनगटाला हात लावू देत नसे.

आम्ही दोघं नगरच्या मिशनच्या शाळेत एका बाकावर होतो. मी ख्रिस्ती मास्तरांचा मुलगा, तो भटजींचा. त्याच्या वडिलांची एवढीच इच्छा होती की पोराने इंग्रजी शिकून कचेरीत बसावं. बसला, पण कुठे, तर लष्कराच्या घोडदळाच्या कचेरीत. कारकुनाचं टेबल खिडकीशी, खिडकीबाहेर घोड्यांची पागा. महिन्याभरात हा टेबलापेक्षा पागेत जास्त सापडू लागला. तिथल्या जुन्या रिसालदाराने त्याला बसायला शिकवलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरायला शिकवलं, असं दत्तू सांगायचा. घोड्यावरून उतरल्यानंतरच्या दोन तासांत काय करायचं, ही त्याच्या मते खरी विद्या होती. घोडा धावताना तयार होत नाही, धावून आल्यावर उभा असतो तेव्हा तयार होतो, हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! पुढे लढाईच्या तोंडावर घोडदळाचे घोडे काढून तिथे रणगाडे आले. कारकुनांना कोणी हात लावला नव्हता. पक्की नोकरी होती, पुढे पेन्शन होतं. दत्तूने राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाला, “खिडकीतून बघायला काही उरलं नाही.” इंदूवहिनींनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. माझ्या मते आठ दिवस कमीच होते.

मग त्याला बापूसाहेबांनी नेलं. राहात्याकडचे मोठे बागाईतदार, शर्यतीच्या घोड्यांचा नाद, आणि आवाज असा की मळ्याच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचे बैल कान टवकारत. त्यांच्याकडे मैना नावाची काळसर घोडी होती. शेवगावच्या बाजूला एका गावच्या यात्रेत चार मैलांची दौड व्हायची. ती मैनेने जिंकावी हा बापूसाहेबांचा ध्यास. दत्तूने सहा महिने मागून घेतले. पहिले दोन महिने त्याने घोडी पळवलीच नाही. नुसती चालवली. गोदावरीच्या वाळूत, नांगरटीत, चढावर, लगाम धरून स्वतः पुढे. मग दुडकी, मग हलकी दौड, आणि दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपूर्ण सुट्टी. दौडीनंतर हातात घड्याळ घेऊन तो तिचे श्वास मोजायचा. किती वेळात खाली येतात ते टिपून मला पत्राने कळवायचा. पानंच्या पानं. शेवटी एक ओळ, “घरी सर्व ठीक असावं.” असावं! घरी नुसत्या ज्वारीच्या भाकरी, आणि भिजवलेला हरभरा तबेल्यात, हे मला वहिनींकडून कळायचं. त्याआधी, तो घोडदळाच्या कचेरीत असताना, माझ्या लग्नाला हा देवळात कधी आला, तर आम्ही वधूवर बाहेर पडत होतो तेव्हा. अंगाला घोड्याचा वास, धोतराला चिखल. घोडा गरम होता, तसाच कसा बांधायचा, असं त्याने आमच्या पाळकांना समजावून सांगितलं. पाळकांनी ऐकूनही घेतलं. त्याच्यावर रागावणारा मी एकटाच असायचो.

यात्रेसाठी मैनेला दोन मुक्काम करत चालत आणलं. आमच्या डॉक्टरसाहेबांचा दौरा दुसरीकडे होता, म्हणून जत्रेतल्या जनावरांसाठी मला पाठवलं होतं. चैत्राचं ऊन, सावलीला एक झाड नाही, सकाळपासून मी बैलांच्या खुरांत हात घालत होतो. दौडीला तासभर उरला असेल तेव्हा बापूसाहेबांचा माणूस मला ओढतच घेऊन गेला. पाहतो तर मैना खोगीर चढवून उभी, शेजारी बापूसाहेब लाल झालेले, आणि दत्तू घोडीच्या पुढच्या डाव्या पायाशी बसलेला.

“कंपौंडर, आता तुमीच सांगा ह्यास्नी,” बापूसाहेब म्हणाले. “घोडी चालती, दुडकती, खाती, पिती. आन् पंत म्हनत्यात पळवायची न्हाई!”

“गुडघ्याखालची मागची शीर गरम लागते आहे,” दत्तू म्हणाला. “थोडीच. पण काल नव्हती.”

“आरं, उनात दगुड बी गरम लागतोय!”

घोडी चालवून दाखवायला सांगितली. वीस पावलं गेली, वीस आली. तसूभरही लंगडली नाही. दत्तू मला म्हणाला, “भास्कर, नुसतं बघू नकोस. डोळे मिट आणि दोन्ही पायांना हात लाव. उजव्याला आधी.”

त्याच्या त्या ‘उजव्याला आधी’ने माझं डोकं फिरलं. चारचौघांत मला शिकवतो! सहा महिने पत्रांनी छळलं, आणि आता शर्यतीच्या तोंडावर हे खूळ. मी वाकलो, हात पायाजवळ नेला आणि उठलो. लावला नाही. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. उठून म्हणालो, “मला तर काही दिसत नाही.”

बापूसाहेबांनी दुसऱ्या स्वाराला हाक मारली. दत्तू उठला. तंग सोडला, खोगीर खाली घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर मांडी घालून बसला. मैनेचा लगाम हातात. पाच हजारांच्या यात्रेत, धोतर-कोट घातलेला हा माणूस भर उन्हात खोगिरावर बसून राहिला. बापूसाहेब ओरडले, विनवणीला आले, पुन्हा ओरडले. दुसरं खोगीर आणायला माणूस पळाला. मी दत्तूच्या कानाशी जाऊन म्हणालो, “अरे ऊठ, नोकरी जाईल.” तो म्हणाला, “मला कळतंय रे.” तेवढ्यात ढोल वाजला, आणि मैनेशिवाय दौड सुटली. धूळ खाली बसल्यावर बापूसाहेब इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला त्याचीच भीती वाटली. “पंत, उद्यापास्नं येऊ नगा.”

दत्तू उठला. खोगिराची धूळ झटकली, ते सखारामच्या हातात दिलं आणि त्याला सांगितलं की वाटेत दर दोन कोसांवर पायावर पाणी मारा.

आता पुढचं ऐका. दीड महिन्याने राहात्याजवळच एक दौड झाली. मैना दुसऱ्या स्वाराखाली पळाली आणि पहिली आली! दत्तू मला घेऊन ती बघायला गेला होता. गुलाल उडत होता, बापूसाहेबांच्या फेट्याचा रंग ओळखू येईना, लोक दत्तूकडे बोट दाखवून हसत होते. एक जण मोठ्याने म्हणालाही, “पंत, खोगीर आनलं न्हाई का बसाया?” आणि हा गर्दीतून घुसून सरळ मैनेच्या पायाशी. हात फिरवून परत आला तो चेहरा उजळलेला.

“बरी झाली,” म्हणाला.

“अरे, तिला काही झालंच नव्हतं!” मी ओरडलो.

“नसेल.”

बस्स, एवढंच. नसेल! बरोबर होतास तर भांड की रे, चुकलास तर कबूल कर. दत्तू दोन्ही करत नसे. त्या दिवशी मैना पळाली असती तर काय झालं असतं, हे कोणाला कधी कळणार नाही, आणि या न कळण्याचा त्याला काडीचा त्रास नव्हता. तो सगळा माझ्या वाट्याला आला.

पुढची चार वर्षं त्याने नगरच्या टांगेवाल्यांच्या घोड्यांवर काढली. पेट्रोल मिळत नसल्याने टांग्यांना उसंत नव्हती, आणि हा स्टेशनसमोर उभा राहून त्यांना सांगणार की घोड्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवा. ते त्याला टाळायला मागच्या रस्त्याने जायचे. तरी एकेक जण रात्रभर पोट दुखलेलं, खांदा सोललेलं जनावर घेऊन सकाळी त्याच्याच दारात यायचा. वहिनींनी शिकवण्या धरल्या. मुलीने शिवणाचं काम धरलं. मला तिच्या नजरेला नजर देववत नसे, कारण त्या वीस पावलांचा आणि न लावलेल्या हाताचा मला विसर पडत नव्हता.

लढाई संपली त्या वर्षी एकदा तो आमच्या ओसरीवर चहा घेत बसला होता. मी एकदम बोलून गेलो, “दत्तू, त्या दिवशी मी मैनेच्या पायाला हात लावलाच नव्हता.”

“माहीत आहे. मी खालीच बसलो होतो ना.”

मी म्हणालो, “मग बोलला का नाहीस? सांगायचंस बापूसाहेबांना, की ह्याने तपासलंच नाही म्हणून. कदाचित थांबले असते.”

“आणि तुझ्या डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं असतं म्हणजे? धाकटा तेव्हा पाळण्यात होता तुझा.” बशीत चहा ओतता ओतता तो पुढे म्हणाला, “शिवाय घोडी तर थांबली होतीच.”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि हातातली बशी फेकून द्यावीशीही वाटली. चार वर्षं! चार वर्षं हा माणूस आमच्याकडे जेवला, माझी पोरं खेळवली, त्याच्या दुराग्रहाबद्दल माझी व्याख्यानं ऐकून घेतली, आणि एकदाही बोलला नाही. चांगुलपणालासुद्धा काही रीत असावी.

गेल्या वर्षी बापूसाहेब स्वतः त्याच्या दारात आले. मैनेची मुलगी, साळुंकी, तीन वर्षांची झाली होती. माफी नाही, मागचं अक्षर नाही. “पंत, हिला तयार करा,” एवढंच. मला वाटलं होतं, आता तरी हा एक दिवस ताटकळत ठेवील. दत्तूने विचारलं, “खाते किती?” आणि आत पिशवी भरायला गेला. पुढचं सखारामने सांगितलं तेच.

तेराव्यानंतर मी नगरला परतलो. गेल्या आठवड्यात बापूसाहेबांचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो. तबेल्याच्या भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली होती. साळुंकीच्या तयारीची, रोज किती चालवायची, किती पळवायची, काय खायला द्यायचं, ते दत्तूने शर्यतीच्या दिवसापर्यंत आगाऊ लिहून ठेवलं होतं. अक्षर असं की मोडी म्हणावी तर मोडी नाही, बाळबोध म्हणावं तर तेही नाही. शाळेत त्याच्या वह्या मी उतरवून घेत असे, म्हणून मला वाचता येईल असं वहिनींनी सुचवलं होतं.

“आजचं वाचा,” बापूसाहेब म्हणाले. सखाराम खोगीर घेऊन तयार होता. बाहेर नवा स्वार उभा होता. शर्यत बारा दिवसांवर आली होती.

मी पान शोधलं. “आज काही नाही. उभी राहू द्या.”

“म्हंजे?”

“म्हणजे काही नाही.”

“आवं बारा दीस ऱ्हायले! पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचलं. बापूसाहेबांनी वही माझ्या हातातून घेतली, न कळणाऱ्या त्या अक्षरांकडे बराच वेळ डोळे वटारून पाहिलं आणि परत खिळ्याला अडकवली. “मेला तरी ऐकंना ह्यो मानूस,” ते म्हणाले. मग सखारामला खोगीर ठेवायला सांगितलं, स्वाराला घरी पाठवलं, आणि गवताच्या भाऱ्यावर बसले. मीही शेजारी बसलो. साळुंकी मागचा एक पाय सैल सोडून, डोळे अर्धे मिटून उभी होती. दोघांनाही दुसरी कामं होती. चहा आला, तो प्यालो. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो, दत्तूवर चिडत.