वळणावर थांबणारं इंजिन

"कधीपासून?" अक्कांचा पहिला प्रश्न हाच. कुणाचं पोट दुखो, नळाला पाणी न येवो, नाहीतर कुणाची सून रुसून माहेरी जावो. अक्का आधी "कधीपासून?" विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत कशालाच हात लावत नसत.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या पाचोऱ्यातल्या या अक्का नर्स होत्या. जामनेरच्या छोट्या, अरुंद रुळांवरच्या आगगाडीनं त्या रोज वाटेतल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात जायच्या. मी शेजारी राहायला आलो तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. यजमान चित्रकलेचे शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणे, म्हणून अक्काही सरच म्हणत. "आज सरांनी दोन पोळ्या खाल्ल्या," हे त्या शाळेतल्या शिपायाच्या आदबीनं सांगत.

त्या छोट्या गाडीचं एक वीतभर इंजिन सरांनी पत्र्यातून घडवलं होतं, टेपरेकॉर्डरची मोटर बसवून. पुढे अर्धांगाचा झटका आला. सरांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. तेव्हा अक्कांनी माळ्यावरून पितळी रूळ काढले आणि सरांच्या खाटेभोवती मांडले.

उन्हाळ्याच्या दुपारी त्या घरात वेगळंच वाटे. खिडकीला ओला पडदा, तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट उजेड, आणि फरशीवरून बारीक गुणगुणत चाललेली तीन डब्यांची गाडी. सरांची नजर तिच्या मागोमाग फिरे. उशामागे ती दिसेनाशी झाली की ते दुसऱ्या बाजूला डोळे लावून वाट बघत. ती आली की पापण्या सैल पडत. मीही भिंतीला टेकून तिथंच पेंगायचो. जाग आली की आपण कुठल्या स्टेशनात आहोत, ते क्षणभर कळत नसे.

एका दुपारी गाडी उशामागे गेली ती आलीच नाही.

मी दीपनगरच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन, रोज अप-डाउन करणारा; तेव्हा रात्रपाळी होती. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. रूळ पुसले, चाकं घासली, मोटर साफ केली. मीटर लावला, तर तो 'पीं' करून सांगे की इंजिनातली तार सलग आहे. टेबलावर मोटर सुरेख फिरे. सरळ रुळावर गाडी धावे. उशामागे भिंत जवळ, म्हणून तिथलं वळण सगळ्यात अवघड. तिथं गेली की ठप्प.

तीन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी घासाला तोंडच उघडलं नाही. त्यांचे डोळे त्या कोपऱ्यावरून हलेनात.

"काय व्हयनं रे भाऊ?" अक्कांनी विचारलं. हातात पेजेची वाटी तशीच होती.

"बठ्ठं ठीक शे, अक्का. मीटर तरी सगळं ठीक म्हणतो."

"तू इंजिनाला निजवून तपासतोस. गुडघा दुखणारी बाई खाटेवर पडून म्हणते, बरी आहे. तिला चालायला लावायचं असतं."

त्यांनी वाटी खाली ठेवली, इंजिन मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "लाव तुझा मीटर." पुढची चाकं रुळातून वीज घेत आणि एक तार ती मोटरकडे नेई. अक्कांनी ती चाकं दोन बोटांनी हळूहळू एका बाजूला वळवली. पीं, पीं... पुरती वळवली आणि आवाज बंद. सरळ केली, पुन्हा पीं.

तार आतून तुटली होती. वरचं आवरण शाबूत, म्हणून तुटलेली टोकं एकमेकांना टेकून होती. वळताना तेवढी सुटत.

मी नवी तार जोडायला घेतली. "जरा लांब ठेव," अक्का म्हणाल्या, "मान वळवायला जागा लागते."

त्या दुपारी गाडी उशामागून बाहेर आली तेव्हा सरांच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता. अक्का घाईनं वाटी उचलून म्हणाल्या, "ओरडायला काय झालं? पेज गार झाली सगळी." आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

सर त्यानंतर दीड वर्ष होते. ते गेल्यावर अक्कांना मुलगी धुळ्याला घेऊन गेली.

आता अक्काही नाहीत. त्या गेल्या त्याच्या दोन महिने आधी मी धुळ्याला गेलो होतो. माणसं विसरत चालल्या होत्या. मला ओळखलं नाही. पण जवळ बसताच माझं मनगट हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या.

"जोरात चालतेय," म्हणाल्या. "घाईनं आलास. बस जरा."

मी बसून राहिलो. मोजता मोजता त्यांचा डोळा लागला. बोटं मात्र तशीच नाडीवर होती.